तीस रात्रींची गादी

आधी तारीख लिहा, सात जुलै, वेळ सकाळची पावणेअकरा, रक्कम दोन हजार पाचशे एकोणचाळीस रुपये. हजर कोण, तर आमचे मॅनेजर तिवारीजी, माझ्याबरोबर काम करणारी पूजा, आणि मी, अरुण जगदाळे, वय एक्कावन्न. हा माझा जून महिन्याचा पगार. तिवारीजी म्हणाले, जगदाळेजी, साइन कर दो, तर मी आधी बेरीज केली, मग वजाबाकी केली, दोन्ही बरोबर होत्या. चुकीच्या असत्या तर भांडायला तरी जागा होती. सही केली.

आकडे मी सांगतो तसेच लिहा हं. माझी सगळी जिंदगी आकड्यांत गेलेली आहे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पणजोबांचे वडील होळकरांच्या घोडदळात आले, ते इथेच, त्यांच्या राजधानीत, राहिले, मग पुढे घोडे गेले, नोकऱ्या आल्या. वडील कपड्याच्या मिलमध्ये टाइमकीपर होते, कोण किती वाजता आला ते लिहायचं काम, आणि मिल बंद झाली तरी घरात कोण किती वाजता आलं ते लिहीतच राहिले. मी बीकॉम केलं आणि सियागंजच्या बाजारात एका पाइपच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागलो, बावीस वर्षं. शेटजी गेले, मुलांनी हिशेबाचं काम बाहेर देऊन टाकलं, आणि मी सेहेचाळीसाव्या वर्षी घरी बसलो. सात महिने बसलो. मग ही गाद्यांच्या शोरूमची नोकरी मिळाली, तुकोगंजात, काचेचं मोठं दुकान, आत थंडगार.

काय सांगू तुम्हाला, गाद्यांचं दुकान म्हणजे लोकांना वाटतं आरामाचं काम. आमच्याकडे मांडलेले पलंग आहेत बावीस आणि स्टाफला बसायला स्टूल एक नाही. बसायचंच नाही. वर कॅमेरा आहे, बसलेला दिसला की हेड ऑफिसातून तिवारीजींना फोन येतो. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ, अकरा तास, मधे जेवायला अर्धा तास, तेवढं सोडून उभं राहायचं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचं, झोपून बघा साहेब, पाच मिनिटं आरामात झोपा. एकदा एक जण खरंच झोपला, रविवारचा दिवस, एक तास वीस मिनिटं. त्याच्याबरोबर आलेली बायको बाजूला बसून मोबाइल बघत होती, मला म्हणे, घर में नहीं सोते, सोने दो. मी त्याच्या पायाशी उभा, कारण आमच्याकडे गिऱ्हाईक पाळीने घ्यायचं, तो माझा नंबर होता आणि गिऱ्हाईक सोडून जाता येत नाही. उठला, थँक्यू म्हणाला, काही घेतलं नाही. पूजा म्हणाली, भिया, लोरी का अलग चार्ज लगा दो.

ही पूजा मालवीय, अठ्ठावीस वर्षांची, सासर सुटलेलं, आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. मला भिया म्हणते, म्हणजे इकडचं भैया. तोंडाची तिखट, पण कामाला माझ्यापेक्षा चांगली.

आता पगाराचं गणित सांगतो, ते कळलं की बाकी सगळं कळेल. बेसिक नऊ हजार आठशे. त्यातून पीएफचे अकराशे शहात्तर आणि ईएसआयचे चौऱ्याहत्तर गेले की हातात आठ हजार पाचशे पन्नास. त्यावर कमिशन तीन टक्के, पण कधी, तर महिन्याचं टार्गेट पुरं झालं तर. मे महिना लग्नाचा, म्हणून मे मधे टार्गेट चार लाख. चार लाखांचा माल विकला तर पहिल्या रुपयापासून तीन टक्के, आणि तीन लाख नव्व्याण्णव हजार विकला तर शून्य. मधे पायरी नाही, सरळ कडा आहे. आणि आमच्या गाद्यांना तीस रात्रींची ट्रायल असते, डिलिव्हरीपासून तीस रात्रींत आवडली नाही तर परत. परत आली की ज्याने विकली त्याच्या त्या महिन्याच्या विक्रीतून ती रक्कम वजा. म्हणजे महिना संपतो तरी आमचा महिना संपत नाही, पुढचा अख्खा महिना माणूस धसक्यात असतो की कोणाची पाठ दुखते.

अठ्ठावीस मेला माझा आकडा होता तीन लाख अडुसष्ट हजार. दुपारी सुधाताई आल्या. सुधाताई म्हणजे निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, एकट्या, दुकानाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहतात. पूजा पुढे झाली तर त्या तिला म्हणाल्या, मराठी कोणी आहे का गं, आणि पूजाने मला आवाज दिला, भिया, आपके वाले आए हैं. ताईंनी नाव विचारलं, कुठले विचारलं, आणि म्हणाल्या, चला, आपलं माणूस भेटलं, आता मला दुसऱ्या दुकानात जायला नको. डॉक्टरांनी कडक गादी सांगितली होती, तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, पाठीच्या मणक्याचा त्रास आहे म्हणून. कडक गादी आमच्याकडे आहे, काथ्याची, नऊ हजार सहाशेची. मऊ फोमची आहे अठरा हजार पाचशेची.

मी काय केलं ते सांगतो. मी म्हटलं, ताई, ते जुन्या डॉक्टरांचं झालं, आता नवीन टेक्निक आहे, ही अंगाप्रमाणे बसते, मणक्याला आधार देते. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर घेते. खांद्यावरच्या पिशवीतून चेकबुक काढलं आणि अठरा हजार पाचशे लिहिले, मोत्यासारखं अक्षर. माझा आकडा झाला तीन लाख शहाऐंशी हजार पाचशे. गादी दुसऱ्या दिवशी, एकोणतीसला, त्यांच्या घरी गेली.

एकतीस मेची संध्याकाळ, आकडा तिथेच, साडेतेरा हजार कमी. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे, तिला म्हणतात बिल चढवणं. ज्याचं टार्गेट होणारच नाही तो आपलं बिल ज्याचं होऊ शकतं त्याच्या नावावर चढवतो आणि कमिशन अर्धं अर्धं. सगळे करतात, तिवारीजी बघून बघत नाहीत. पूजा अडीच लाखांवर अडकली होती आणि तिने नुकतंच चौदा हजारांचं गिऱ्हाईक पटवलं होतं. म्हणाली, भिया, अपने नाम चढ़ा लो, बारह आएगा, छह मेरे, छह आपके. मी म्हटलं, नाही गं, मी विकली नाही ती माझ्या नावावर कशी लिहू, बावीस वर्षं वही लिहिली आहे मी. ती हात जोडून म्हणाली, वही को नमस्ते, मेरे को किराया देना है. तरी मी नाही म्हटलं.

आणि मग मीच एक गादी विकत घेतली. हसू नका. स्टाफने सवलतीत घेतली तर टार्गेटात धरत नाहीत, पूर्ण किमतीने घेतली तर धरतात. चौदा हजार दोनशेची घेतली, सहा हप्त्यांवर, हप्ता दोन हजार तीनशे सदुसष्ट. सहा हप्ते गुणले तर चौदा हजार दोनशे दोन होतात, हे दोन रुपये कशाचे म्हणून मी विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. माझा आकडा झाला चार लाख सातशे, कमिशन बसलं बारा हजार एकवीस. घरी गादी आली तेव्हा माझी बायको, मंगल, म्हणाली, म्हणजे त्या मुलीचे सहा हजार बुडवलेत, स्वतःचे चौदा घातलेत आणि हे सगळं हिशेब स्वच्छ ठेवायला. मी म्हटलं, हौ. ती म्हणाली, बरंय, निदान गादी आली.

पूजा आठ दिवस बोलली नाही. मग एकदाच बोलली, आपकी ईमानदारी मेरे को छह हज़ार में पड़ी भिया, और आपने वो आंटी को क्या बेचा वो मैंने देखा था. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि उशांची कव्हरं नीट करायला लागलो, जी नीटच होती.

सात जूनला पगार आणि कमिशन मिळून वीस हजार पाचशे एकाहत्तर आले. आठ जूनला त्यातले बारा हजार मुलीच्या, ऋचाच्या, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीत भरले. पावती घरी आहे.

बावीस जूनला सुधाताईंचा फोन. म्हणाल्या, जगदाळे, सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते हो, बहुतेक मलाच सवय व्हायची आहे, तुम्ही म्हणालात ना, अंगाप्रमाणे बसते म्हणून, तर अजून आठवडाभर बघू का. आता ट्रायलची शेवटची रात्र सत्तावीस जूनची. आठवडा गेला की परत होणार नाही, माझे बारा हजार एकवीस पक्के. आम्हाला ट्रेनिंगमधे वाक्य दिलेलं आहे, शरीराला नवीन गादीची ओळख व्हायला वेळ लागतो. मी तेच वाक्य म्हटलं. घोकलेलं असतं, तोंडातून आपोआप निघतं. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणता तर बघते.

तुम्ही म्हणता तर. तेच पुन्हा. त्यानंतर मला एका जागी उभं राहवेना. काम तर उभं राहायचंच आहे, पण मी दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला लागलो, तिवारीजी म्हणाले, क्या जगदाळेजी, टहलने आए हो क्या. गिऱ्हाइकाला किंमत सांगताना दोनदा चुकलो, मी, किंमत सांगताना. डोक्यात एकच वजाबाकी, चार लाख सातशेतून अठरा हजार पाचशे, उरले तीन लाख ब्याऐंशी हजार दोनशे, म्हणजे शून्य, म्हणजे फीचे पैसे कंपनीला परत, आणि फी तर भरून झाली. पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याच्या खाली पूजाचं वाक्य. वहीत माझ्या एकही आकडा खोटा नव्हता, खोटं मी तोंडाने बोललो होतो, आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. घरी ऋचा म्हणाली, बाबा, बसा ना एकदा, तुम्हाला बघून मला चक्कर येऊन राहिली आहे. तिला मी सहज विचारलं, की मणक्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या पेशंटला मऊ गादी दिली तर. ती म्हणाली, कोण देईल असं.

पंचवीस जूनला जेवायच्या अर्ध्या तासात डबा न उघडता मी ताईंकडे गेलो. नवीन गादी भिंतीला टेकवून उभी होती, वर जुनी चादर टाकलेली, आणि त्या दिवाणावर सतरंजी अंथरून झोपत होत्या. कधीपासून, विचारलं, तर म्हणाल्या, कालपासून, म्हटलं एक रात्र पाठीला सुट्टी. मग त्यांनी मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात लाल पेनाने मार्क दिले होते, दहापैकी दुखणं किती. तीन, तीन, चार, पाच, पाच, सहा, सात. शिक्षिका शेवटी. बावीस तारखेला, माझ्याशी फोन झाला त्या दिवशी, सात होते, आणि बाजूला लिहिलं होतं, धीर धरणे.

मी म्हटलं, ताई, तुम्हाला कडकच हवी होती, मला तेव्हाच माहीत होतं.

त्या म्हणाल्या, मग सांगितलं का नाही.

मी म्हटलं, महिना संपत आला होता.

मुलगा वर्गात खरं बोलला की शिक्षक जसे बघतात तसं त्यांनी बघितलं, रागावून नाही आणि माफ करूनही नाही. मग म्हणाल्या, परत केली तर तुमचं नुकसान होतं का. होतं, म्हटलं. किती ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. फॉर्म मी भरला, कारणाच्या जागी लिहिलं, चुकीची गादी दिली गेली. सही त्यांनी केली. मी आलो तेव्हाच ठेवलेल्या कपाकडे बोट करून म्हणाल्या, चहा घ्या, गार होतो आहे.

तिवारीजींनी फॉर्म वाचला आणि मला मागच्या खोलीत नेलं. तीन दिन, जगदाळेजी, तीन दिन और खींच लेते, आपको क्या पड़ी थी घर जाने की. मी म्हटलं, साहेब, नंबर माझा होता.

ताई दुसऱ्या दिवशी काथ्याची गादी बघायला आल्या तेव्हा मात्र मी पुढे झालो नाही. पूजाला म्हटलं, तू दाखव. ती म्हणाली, मराठी नहीं आती मेरे को. मी म्हटलं, खरं सांगता येतं ना, तेवढं पुरे. तिने दाखवली, ताईंनी दहा मिनिटं झोपून बघितली, बिल पूजाच्या नावावर झालं, विकलीच तिने होती. पावसाचा महिना म्हणून जूनचं टार्गेट तीन लाखच होतं. माझं काही होणार नव्हतं, पूजाचं त्या बिलाने अकराशे रुपये वर जाऊन पुरं झालं, हे मला तिने नंतर सांगितलं.

तर आता शेवटचा हिशेब लिहा. सुधाताईंना नऊ हजार सहाशेची गादी मिळाली आणि आठ हजार नऊशे खात्यात परत गेले. परतीची गादी उचलून न्यायचे तीनशे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे असतात, ते मी माझ्या खिशातून टेम्पोवाल्याला दिले. माझ्या कमिशनचे बारा हजार एकवीस कंपनी दोन हप्त्यांत कापते आहे, सहा हजार अकरा जुलैत कापले, सहा हजार दहा ऑगस्टमधे जातील. म्हणून आठ हजार पाचशे पन्नासातून दोन हजार पाचशे एकोणचाळीस. त्यातून त्याच दिवशी गादीचा दुसरा हप्ता गेला, दोन हजार तीनशे सदुसष्ट, राहिले एकशे बहात्तर. चार हप्ते बाकी आहेत. मंगल जेवणाचे डबे पुरवते, घर त्यावर चालतं आहे, पाच डबे होते, आता आठ घेतले तिने. ती त्या गादीवर छान झोपते. मला त्यावर झोप येत नाही, गादी चांगली आहे, दोष तिचा नाही.

पूजाला सात तारखेला कमिशन मिळालं नऊ हजार तेहतीस. दुपारी तिने पाकीट पुढे केलं, आधा आपका. मी म्हटलं, माझं कसलं, विकली तू. ती म्हणाली, पता था येइच बोलोगे. किराया तिने घरमालकाला दिला, आणि संध्याकाळी चहाला म्हणून गेली ती प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली, आणि मागे उशांच्या रॅकआड, कॅमेऱ्याला दिसत नाही तिथे ठेवलं. बसून घ्या भिया, मराठीत म्हणाली, कुठून शिकली कोण जाणे. मी बसतो, दिवसातून दोन-तीनदा, पण दार वाजलं की उठतो, नंबर कोणाचाही असो. स्टूलचे तीनशे ऐंशी, पूजाने दिले, प्लास्टिकवाल्याला.