शिमग्यानंतरचा बंब

(उचगाव. शिमगा सरलाय. न्हाणीच्या दारात केरबा आणि माहेरी आलेली त्यांची लेक तेजस्वी. मधे तांब्याचा बंब.)

तेजस्वी : बास झाली चिंच. बाहेरून लख्ख झाला. आता आतून विसळते, घागर द्या इकडं.

केरबा : आतनं नगं. आत काय घाण न्हाय.

तेजस्वी : नाही कशी? दरवर्षी बंब माळ्यावर ठेवायच्या आधी आई तळातली पांढरी खपली खरवडून काढायची.

केरबा : तुझ्या आईला खोडच हुती, उगं घासाघाशी. पालथा घाल आन् दे चढवून.

तेजस्वी : मधल्या नळीतून किती काजळी निघाली, हात बघा माझे. एवढं जाळलंत आणि आत खपली धरली नाही? सरका.

केरबा : तेजा, पानी नगं वतूस म्हन्तो की!

तेजस्वी : अगंबाई! आबा, हे तर सगळं खालून चाललं. पाय भिजले माझे. बुडाचा सांधाच उकललाय!

केरबा : म्हून तर म्हन्त हुतो.

तेजस्वी : कधीपासून?

केरबा : झालं की लई दिस. दिवाळीपास्नं.

तेजस्वी : म्हणजे आई गेल्यापासून? अख्खी थंडी गार पाण्यानं अंघोळ केलीत? या वयात?

केरबा : तालमीतली हाडं हाईत ही. गार पानी काय चावतंय व्हय?

तेजस्वी : चावत नाही, मग फोनवर खोकत कोण होतं? आणि थांबा. शेजारच्या राजमतीकाकू तर म्हणाल्या, तुमच्या न्हाणीतनं रोज पहाटे धूर निघतो. त्या धूर बघून उठतात.

केरबा : तिला दुसरा उद्योग न्हाय.

तेजस्वी : आबा, बंबात पाणीच राहत नाही, तर जाळ कशाला घालत होता?

केरबा : ती घागर ठेव आदी बाजूला, सांडंल.

तेजस्वी : बोला की!

केरबा : घर लई गप असतंय गं. चार चिपाडं घातली की तडतड वाजत्यात. कुनीतरी उठल्यागत वाटतंय. मग शेकत बसायचं, उजाडंस्तवर.

तेजस्वी : आणि मला आपलं 'बरं हाय, बरं हाय'.

केरबा : सांगून तू तरी काय करणार? तुझा संसार हाय तुला.

तेजस्वी : सांधा गेला कसा पण?

केरबा : कोरडाच पेटवला. लगीन झाल्यापास्नं रात्री पानी ती भरायची, पहाटं जाळ मी घालायचो. दिवसकार्य झालं, पावणं गेलं, तुमीबी गेलासा. दुसऱ्या दिशी उठलो आन् झोपंतच काडी लावली. जरा येळानं सांध्याचं कथील वितळून टपटपाया लागलं. आत बघतोय तर ठणठणीत. वरडलो की मी, 'पानी भराया काय झालं हुतं तुला?' म्हून.

तेजस्वी : आबा…

केरबा : वरडलो, आन् मग ध्येनात आलं. लई रडलो बघ. तिला पोचवून आलो तवा न्हवतं आलं रडू.

तेजस्वी : मी तर बंब भंगारात घालू म्हणणार होते. सोलर बसवायचा म्हणून.

केरबा : ठावं हाय. म्हून तर लपवलं.

तेजस्वी : चला ना माझ्याकडं राहायला.

केरबा : तुझ्यात तरी दिवसभर कोन असतंय? तुमी दोघं ड्यूटीवर, पोरं शाळंत. एकट्यानंच बसायचं, तर हितं बसतो की.

तेजस्वी : बरं. उद्या तांबटाकडं नेते, सांधा जोडून आणते. पण रात्री पाणी भरायचं ध्यानात राहील?

केरबा : न्हाय ऱ्हायचं.

तेजस्वी : मग परत जाळून ठेवाल.

केरबा : तू रात्रीचा फोन करत जा. जास्त काय बोलू नगंस. निस्तं इचारायचं, 'आबा, पानी भरलं का?'

तेजस्वी : करते. थंडी सुरू झाली की रोज करते.

केरबा : थंडी कवा पडायची, बाई. आज रातच्यापास्नं इचार की.