दरीच्या फोटोमागचं नाव

हसायचं तर हसा, पण मधी तोंड घालू नका. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. आमचे हे नांदेडात मास्तर होते, अन् फोटोचं लई वेड. शिवरात्रीला आम्ही सहस्रकुंडाला गेलो. तिथल्या काळ्या खडकाच्या दरीचा फोटो ह्यांना काढायचा होता, अन् त्यात एकही माणूस नको होता. हैदराबादहून आणलेल्या काचेच्या प्लेटांपैकी एकच उरलेली. दरीत मात्र ही जत्रा!

मी खडकावर उभी राहून माणसं हाकलू लागले. हे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून ओरडले, "अगं ए, बाजूला हो!"

तेव्हा चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची चाल नव्हती. साऱ्यांचे नवरे 'अगं ए'च म्हणायचे. त्यामुळं आपलाच नवरा ओरडला समजून दरीतल्या बाया पळाल्या, अन् बायांमागं त्यांचे नवरे. मला वाटलं, मास्तरांचा आवाज भारी कामाचा! उरला एक म्हातारा, त्याच्यावर मी हात उगारला, तसा तोही खडकाआड पळाला. गर्दी परतायच्या आत ह्यांनी घाईनं, मी हटले का न बघताच, फोटो घेतला.

प्लेट धुतली. दरी मोकळी, अन् मधोमध मी. हात वर, तोंड उघडं.

"तुलाच सांगून राहिलो होतो की!" ह्यांनी कपाळ बडवलं.

"नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती?"

शाळा मी पाहिली न्हाई, पण किराण्याच्या पुड्यांवरून अक्षरं शिकले होते. फोटोच्या मागं माझं नाव ठसठशीत लिहिलं, 'गोदावरी', अन् ह्यांच्या हातात दिला.

"घ्या मास्तर, पाठ करा."