साठ्यांचा वाघ

(चिंचवड. कंपन्यांच्या मागची चाळ. मालकीण सोजरबाईंच्या ओसरीवर लाकडी दारांचा टीव्ही पाठीमागून उघडलेला आहे. शेजारचे मधुसूदन खांबाला टेकून बसलेत. मंगळवारची संध्याकाळ.)

नूरमोहम्मद : ...अर्धा तास. तेच तर सांगतोय मघापासून. अर्धा तास चालवायचा, मग दारं लावून झोपू द्यायचं त्याला.

सोजरबाई : दिसाला निसता अर्धा तास? आरं, मी समद्या चाळीत सांगून आले, नूरभाय आलाय, आता टीवी चांगला हुनार म्हनून!

नूरमोहम्मद : मावशी, मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, जादू नाही करत. ट्रान्सफॉर्मर कमजोर झालाय. तापला की चित्र आकसतं. काल बातम्या देणारी बाई शेवटी केवढी राहिली होती?

सोजरबाई : पोष्टाच्या तिकिटायेवढी.

नूरमोहम्मद : मग! मुंबईहून पार्ट येईपर्यंत अर्धाच तास. वर गेला तर धूर निघेल. मग बसा धूर बघत.

मधुसूदन : धूर नको. अर्धा तास पुष्कळ झाला. मंगळवारी साठ्यांची मालिका लावायची. मिटलं.

सोजरबाई : मिटलं? कुनी मिटावलं? टीवी माझा. मंगळवारी शेतकऱ्याचा कार्येक्रम असतो, त्यो मला बघायचा हाय.

मधुसूदन : मावशी, तुमच्या वावरात आता कंपनीचं पेंट शॉप आहे.

सोजरबाई : आसू दे. त्या टीवीतल्या मानसाला ज्वारीतलं काय बी कळत न्हाई. मागल्या खेपेला म्हनला, दोन वळीत एवढंएवढंच अंतर ठिवा. मी हितनं वरडले, आरं बाबा, त्यात बैल कसा वळवशील? ऐकतोय व्हय!

नूरमोहम्मद : त्याला ऐकू जात नाही मावशी.

सोजरबाई : म्हनून तर दर मंगळवारी सांगाया लागतं.

नूरमोहम्मद : माझं ऐकाल का? ज्वारी पण नको, साठे पण नको. त्यांच्यानंतर लागतो तो गुप्तहेर गोवर्धन. बघण्यासारखं काही असेल तर तेच. आमची ताजुन्निसा तर मंगळवारी भाकऱ्या आधीच थापून ठेवते. चोर पळतो, गोवर्धन मिशी लावतो, चोराला वाटतं हा कुणी दुसराच.

मधुसूदन : दर वेळी तीच मिशी लावतो.

नूरमोहम्मद : हो, पण चोर दर वेळी नवा असतो ना! आणि तुमच्या साठ्यांत काय होतं? 'दुसऱ्या मजल्यावरचे साठे'. नावातच दमायला होतं. मागच्या मंगळवारी अख्खा अर्धा तास काय, तर खिडकी उघडायची की नाही!

सोजरबाई : मला डुलकी लागली. उघडली का रं शेवटी?

नूरमोहम्मद : अर्धी.

मधुसूदन : सध्या जरा संथ चाललंय, मान्य आहे मला. चार मंगळवार झाले, मी बघतोय. पण एकदा वाघ परत आला ना, की बघा.

नूरमोहम्मद : कोण परत आला की?

मधुसूदन : वाघ.

नूरमोहम्मद : मावशी, साठ्यांकडे वाघ आहे?

सोजरबाई : साठ्यांकडं पोपट बी न्हाई.

मधुसूदन : असं काय करता! बाथरूममधला वाघ. थोरली सून सुलभा सर्कशीतून आणते तो.

सोजरबाई : थोरली सून दळन आनाया गेली तरी सासूला इचारून जाती. ती सर्कशीत कवा गेली?

मधुसूदन : लग्नाआधी होती ती सर्कशीत. झोपाळ्यावर. मग सर्कस बुडाली आणि मालक वाघाला विकायला निघाला. हिला ते बघवेना. हिनं त्याला शाल पांघरली आणि रिक्षात घालून घरी आणला. रिक्षावाल्यानं विचारलं, हे बोलत का नाहीत? तर म्हणाली, मामेसासरे आहेत, घसा बसलाय.

नूरमोहम्मद : घसा बसलाय! हे कधी दाखवलं? मी कसं काय बघितलं नाही?

मधुसूदन : गणपतीच्या आधी. म्हणजे मी पण नाही बघितलं. मी सेकंड शिफ्टला. शैलानं सांगितलं.

सोजरबाई : शैलानं सांगितलं व्हय.

मधुसूदन : दर मंगळवारी सांगायची. ती इथं तुमच्या ओसरीवर बघायची आणि मी कामावरून आलो की ताट वाढून सगळी गोष्ट सांगायची. आमची भट्टी दुपारी पेटते, त्यामुळे भट्टीवाल्यांना कायम सेकंड शिफ्ट. संध्याकाळचा टीव्ही आमच्यातल्या कुणाच्या नशिबातच नाही. मग दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी भट्टीवर सांगायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन माझ्याभोवती.

नूरमोहम्मद : वाघाची गोष्ट?

मधुसूदन : वाघाचीच. भिवा तर डब्यातला बोंबील बाजूला काढून ठेवायचा.

नूरमोहम्मद : कशाला?

मधुसूदन : वाघाला.

नूरमोहम्मद : अहो, पण पाठवायचा कसा?

मधुसूदन : तेच तर. म्हणून मग स्वतःच खायचा. पण सगळ्यात शेवटी. आणि वाघाचं नाव आम्ही अनंतराव ठेवलंय.

सोजरबाई : अनंतराव तर तुमचा मॅनेजर न्हवं?

मधुसूदन : त्यांचंच ठेवलं. दारातून आत येताना जो तो विचारतो, अनंतराव जेवले का? अनंतरावांची तब्येत कशी आहे? साहेबांच्या कानावर गेलं. फार खूष झाले. म्हणाले, एवढी माया दुसऱ्या कुठल्या डिपार्टमेंटला नाही.

नूरमोहम्मद : आणि इतक्या दिवसांत कुणीच म्हणालं नाही, की वाघबिघ काही नाही?

मधुसूदन : एकटा श्याम म्हणाला. तापानं घरी होता, तेव्हा कुणाकडं तरी बघितलं त्यानं. कामावर आला आणि म्हणाला, कसला वाघ, सगळे सोफ्यावर बसून चहा पितात.

नूरमोहम्मद : मग?

मधुसूदन : मग काय! ताप डोक्यात गेला असणार. आम्ही त्याला आडवा करून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

नूरमोहम्मद : भट्टीसमोर?

मधुसूदन : दुसरीकडं कुठं ठेवणार? काम सोडून जाता येत नाही. शेवटी तोच म्हणाला, आहे बाबांनो, वाघ आहे, मला उठू द्या.

सोजरबाई : मधू, जरा नीट बस.

मधुसूदन : बसलोय की.

सोजरबाई : आजून नीट बस. बाबा, साठ्यांकडं वाघ न्हाई. आताबी न्हाई आन कवाच न्हवता. मी पयल्या दिसापास्नं बघतीया.

मधुसूदन : तुम्हाला डुलकी लागते.

सोजरबाई : वाघ आल्यावर बी लागंल व्हय!

मधुसूदन : बरं, मग आफ्रिकेतून आलेले काका? एकावर एक दोन टोप्या घालतात ते?

सोजरबाई : न्हाईत.

मधुसूदन : मुका पोस्टमन?

सोजरबाई : पोष्टमन हाय. पन त्यो गप बसत न्हाई.

मधुसूदन : आणि गच्चीवरची विहीर?

नूरमोहम्मद : गच्चीवर विहीर? मधुभाऊ, तुम्ही कारखान्यातला माणूस! गच्चीवर विहीर खोदली तर ती निघेल कुठं?

मधुसूदन : दुसऱ्या मजल्यावर. पाणी खाली गळलं, म्हणून तर खालच्यांशी भांडण झालं. मला पण तेव्हा जरा शंका आली होती. पण तिनं इतकं सरळ सांगितलं, की मी म्हटलं, असेल, मुंबईला काय वाटेल ते करतात.

नूरमोहम्मद : अल्लाकसम, भाभीनं कमाल केली.

मधुसूदन : मग ती इथं बसून बघायची काय?

सोजरबाई : बघायची तर. तू आत्ता टेकलायस त्याच खांबाला टेकायची, मांडीवर तांदूळ निवडायला. साठे संपले की म्हनायची, सोजरबाई, आज निसते पडदे बदलले वो ह्यांनी. आता घरी काय सांगू? मी म्हनलं, पडदे बदलले म्हनून सांग. तर मला म्हनली, मानूस भट्टीपुढं भाजून येतंय, त्याला पडदे वाढू का?

मधुसूदन : असं म्हणाली?

सोजरबाई : आस्संच. मला वाटलं, वाईच तिखटमीठ लावत आसंल. वाघ आनून ठिवला आसंल, हे कुनाच्या ध्यानात येतंय!

मधुसूदन : मी तिला विचारायचो, आज सगळ्यात चांगलं काम कुणी केलं? ती म्हणायची, वाघानं. एकदा म्हणाली, आज वाघाचं जरा कमी पडलं, त्याला सर्दी होती.

नूरमोहम्मद : सर्दी! वाघाला!

मधुसूदन : मी भट्टीवर सांगितलं तसं. भिवानं लगेच आल्याची वडी काढली.

सोजरबाई : आरं देवा.

मधुसूदन : म्हणजे आता तो यायचा नाही.

नूरमोहम्मद : टीव्हीवर नाही यायचा, मधुभाऊ.

मधुसूदन : मला साठ्यांशी काही घेणंदेणं नाही हो. मला एवढंच बघायचं होतं, की त्या वाघाचं पुढं काय झालं. शेवटच्या मंगळवारी तिनं सांगितलं, सोसायटीच्या चेअरमनला वास आला आणि ते वर आले. सुलभा बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आणि इथं ही उठली ताट उचलायला. म्हणाली, राहिलेलं पुढच्या मंगळवारी. मी म्हटलं, अगं, थोडं तरी सांग. तर म्हणे, मला कुठलं ठाऊक, टीव्हीवाल्यांना ठाऊक. पुढच्या मंगळवारी ती दवाखान्यात होती. मग काय, तुम्ही होताच की सगळे.

सोजरबाई : व्हतो.

मधुसूदन : तिचं तेरावं झाल्यावर मी स्टोअरला बदली मागितली, फर्स्ट शिफ्टला. साहेबांना म्हटलं, सेकंड करून आलो की घराला कुलूप असतं, मला ते उघडवत नाही. ते खरंच होतं. पण मंगळवारचे साठे बघता येतील, हेही होतंच मनात. ते मी साहेबांना नाही सांगितलं.

नूरमोहम्मद : आणि ते भट्टीवाले?

मधुसूदन : रोज गेटवर भेटतात. मी सुटतो, ते येतात. रोजचा एकच प्रश्न. अनंतरावांचं काय झालं? मी म्हणतो, मंगळवारी कळेल. काल भिवानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मधुभाऊ, मारला असेल तर मला आधी एकट्याला सांगा. बाकीच्यांना मी समजावतो.

नूरमोहम्मद : सांगून टाका, वाघानं चेअरमनला खाल्लं. विषय संपला.

सोजरबाई : गप रं! ती तसलं कवाच सांगितली नसती. मुंगी मारत न्हवती पोर.

मधुसूदन : नाही, खाणार नाही तो. तो दूधभात खातो. पहिल्याच दिवशी ठरलंय ते.

सोजरबाई : बरं, येळ झाली. लावू का तुझे साठे?

मधुसूदन : नको. काही बघण्यासारखी मालिका नाही ती.

नूरमोहम्मद : मावशी, ऐकलंत? आत्ता पटलं त्यांना!

मधुसूदन : मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. वाघासाठी सोसत होतो. तुम्ही ज्वारी लावा मावशी. नाहीतर गोवर्धन लावा, नूरभाईंनी एवढी खटपट केलीय.

नूरमोहम्मद : राहू दे आज गोवर्धन. मिशी लावून चोर पकडतो, त्यात काय एवढं. इथं शाल पांघरून वाघ रिक्षात बसतोय.

सोजरबाई : लाव त्या टीवीची दारं. ज्वारीवाल्याला पुढल्या खेपेला बघून घेईन. मधू, त्यो चेरमन आजून हुबा हाय न्हवं दारात?

मधुसूदन : उभाच आहे.

सोजरबाई : किती दीस हुबा ठिवायचा त्याला? म्हाताऱ्या मानसाचं पाय दुखत न्हाईत व्हय? मंग म्होरं काय झालं?

मधुसूदन : मला कुठलं ठाऊक, मावशी. ते तिलाच...

सोजरबाई : ती म्हनली टीवीवाल्यास्नी ठावं. टीवीवाल्यास्नी तर वाघच ठावं न्हाई. मंग ऱ्हायलं कोन?

नूरमोहम्मद : तुम्हीच राहिलात, मधुभाऊ. उद्या गेटवर भिवा उभा असणार.

मधुसूदन : मला तिच्यासारखं नाही येत सांगता.

सोजरबाई : आमाला तरी कुठं कळतंय चांगलं-वाईट? आमी साठे बघतोय. सांग. चेरमन म्हनला, आत कोन हाय?

मधुसूदन : हो, तसंच म्हणाला. आणि दारावर टकटक केलं.

नूरमोहम्मद : आणि वाघ? आतून आवाज?

मधुसूदन : थोडा झाला. घोरल्यासारखा.

नूरमोहम्मद : या अल्ला! मग सुलभा काय बोलली?

मधुसूदन : सुलभा... थांबा. ती दारापुढून हलली नाही. घाबरली पण नाही. पदर खोचला तिनं.

सोजरबाई : आन?

मधुसूदन : आणि म्हणाली, घरचंच माणूस आहे. सेकंड शिफ्टचं. झोपू द्या त्याला.