गालावरचे पाच दाते

पुरावा पुसताय तुम्ही, पुरावा! असा मी सिल्वासाच्या त्या स्किनच्या दवाखान्यात ओरडलो आणि तुम्हाला सांगतो, गालाला बर्फ लावून बसलेली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. तीस वर्षं बातमीदारी केलीय, ओरडू नको तर काय करू?

नरोलीच्या कारखान्यातली रोहिणी, मूळची साक्रीकडची. मशीनला जाळी नव्हती, पट्टा तुटला तो थेट गालावर बसला. जखम भरली, पण पट्ट्याचे पाच दाते काळेकुट्ट उमटून राहिले. कंपनी म्हणते, "घरी नळावर पडली!" नळाला दाते असतात का हो? पुरावा आहे तो, पुरावा! मी बातमी छापली, स्वतः काढलेल्या फोटोसकट, पहिल्या पानावर! कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली आणि मॅनेजर कौस्तुभसाहेबांना एकदम पाझर फुटला... "उपचार आमच्याकडून, माणुसकी म्हणून!"

डॉक्टर मृणालबाई शांतपणे म्हणतात, "लेझरनं काळा रंग फोडायचा, मग तिच्याच रक्तातला भाग वेगळा काढून बारीक सुयांनी तिथेच सोडायचा, म्हणजे कातडी स्वतःला दुरुस्त करते. महिन्याला एकदा. पूर्ण जाईल असं नाही, फिका होईल. आधीचे फोटो आहेत आमच्याकडे." फोटो काय, माझ्याकडेही आहे! अधिकाऱ्याला खरा गाल दाखवायला नको?

रोहिणीला म्हटलं, "थांब की सुनावणीपर्यंत! त्याच मशीनवर आता तुझी बहीण जया उभी आहे." तर ती तिच्या अहिराणीत म्हणते, "भाऊ, चेहरा मना शे, पेपर तुमना शे! भाजीवाला रोज विचारतो, नवऱ्यानं मारलं का? माझा नवरा गोकुळ लाजून माझ्यासोबत बाजारात येत नाही." तरी बोललोच... पुरावा आहे गं तो!

सुनावणी उजाडेपर्यंत तीनदा लेझर झालेलं. गाल बराच निवळलेला. कौस्तुभसाहेब उठले आणि माझाच पेपर फडकवला... "सर, हा उपचाराआधीचा फोटो. डाग कुठाय? हा पुरावा आहे, पुरावा!" बघतो तर गाल लोण्यासारखा! माझ्या नव्या मोबाइलमध्ये चेहरे आपोआप देखणे करायची सोय असते, ती चालूच होती हो! छापून आलं तेव्हा मी काय बघितलं? माझं नाव!

शेवटी रोहिणीनं पिशवीतून मृणालबाईंचे फोटो काढले. मोजपट्टी लावून, तारीख घालून घेतलेले. अधिकारी म्हणाले, "तपासू. पुढची तारीख घ्या." म्हणजे जया उद्याही त्या उघड्या मशीनपुढेच.

बाहेर आल्यावर रोहिणी हळूच म्हणाली, "भाऊ, पुढच्या वेळी फोटो डॉक्टरांनाच काढू द्या."

बरोबरच आहे तिचं. डॉक्टरबाईंना तीन महिन्यांत अर्धाच डाग घालवता आला... मी एका क्लिकमध्ये पाचही दाते पुसले!