गाण्याचा चौथा फायदा

तुम्ही हसाल, पण आमच्या केडगावच्या भजनी मंडळाला गाण्याचे फायदे समजावून सांगायला एकदा आमचे हे आले होते. पंधरा वर्षं मी भजनाला निघाले की "चालल्या टाळ कुटायला," म्हणणारा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाईलवर कुण्या डॉक्टरचं भाषण ऐकलं आणि आम्हा बायकांना हे कळायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

हे आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सप्ताहात आमचं भजन होतं. दोन नवे अभंग अजून बसले नव्हते आणि तालमीला तासभरच होता. त्यातला अर्धा तास ह्यांनी घेतला.

"उतारवयात गाण्याचे चार फायदे असतात. एक, श्वास सुधारतो. दोन, झोप लागते. तीन, एकटेपणा जातो. आणि चार..."

चौथा काही आठवेना. खिसे चाचपले, तर मोबाईल घरीच राहिलेला.

"अगं, तू सांग ना. काल तुला ऐकवलं होतं."

"स्मरणशक्ती वाढते," मी म्हणाले.

पुढे बसलेल्या हौसाबाई ऐंशीच्या, माझ्या माहेरच्या, पुणतांब्याच्या. अक्षर येत नाही, पण शेकड्याने अभंग पाठ.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "औषध लई चांगलं हाय. पर तुमी सोता अजून घेतलेलं दिसत न्हाई."

ह्यांनी सोडवणुकीसाठी माझ्याकडे पाहिलं. मला तालमीची घाई होती. मी पेटीवर सूर धरला.