दाराची डावी फळी

...नाही, तुम्हीच सांगा, स्वागताची पाटी कुणी दारावर आडवी ठोकतं का? दोन फळ्यांचं दार, आणि पाटी या फळीपासून थेट त्या फळीपर्यंत! आठ खिळे! मी आत फरशी पुसतोय, बाहेर ठाकठूक चाललेली, काय झालं बघावं म्हणून दार ओढलं, तर बाहेरून खजिनदारकाका ओरडतात, 'अरे ओढू नकोस, पाटी हलतेय!' अहो काका, मी आत आहे! 'मग बाजूच्या दाराने ये!' स्वागत आहे, म्हणे!

तुम्हाला सांगतो, या चर्चची चावी अकरा वर्षं माझ्या दादाकडे होती. झाडणं, पुसणं, घंटा, मेणबत्त्या, कुणी नवखं माणूस दाराशी घुटमळलं की 'या की आत, बसा घटकाभर'... सगळं दादा! आता चावी माझ्याकडे. मला काय येतंय त्यातलं? शाळा मी सातवीत सोडली, पण दार उघडायला असतं एवढं तर मला कळतं ना!

त्या दाराची उजवी फळी तेवढी उघडायची. डावीची वरची खिट्टी गंजून बसलेली. दादाने चार अर्ज दिले, चार! मीच नेऊन दिलेत सेक्रेटरीबाईंच्या हातात. 'जुनं काम आहे हो, तुम्ही हात लावू नका, मीटिंगमध्ये घेऊ.' दादा माझा गरीब गाय, नाही लावला हात. मीटिंगा झाल्या, चहा झाला, खिट्टी तिथेच.

आणि मग दादाच गेला. जेवता जेवता छातीत कळ आली... छत्तीस वर्षांचा होता.

दादाची पेटी चर्चबाहेर न्यायची वेळ आली. खांदा द्यायला सहाजण, आणि दार एका माणसापुरतं! डावी फळी ओढली, हाणली, तिला लाथा घातल्या, हलली नाही. शेवटी बाजूच्या खोलीतून, झाडू-बादल्या सरकवून, पेटी तिरकी करून काढली. मागून वहिनी, 'हळू रे, डोकं आपटेल त्यांचं...' अकरा वर्षं ज्याने आल्यागेल्याला दार उघडलं, त्याला बादल्यांमधून काढायचं?

समितीला लाज वाटली. वाटली हो, नाही असं नाही! लगेच मीटिंग. ठराव काय? 'येणाऱ्याला आपलेपणा वाटला पाहिजे.' मग कुंड्या आल्या, पायपुसणं आलं, मला हुकूम आला, 'चेहरा जरा हसरा ठेवत जा.' दादाला जाऊन वीस दिवस नव्हते झाले! आणि मग ती पाटी आली. स्वागत आहे, म्हणे!

लोक येतात, पाटी वाचतात, दार ढकलतात. दार ढिम्म. परवा एक नवराबायको आले. ती म्हणाली, 'अहो, बंद आहे.' तो म्हणाला, 'अगं, या म्हणून लिहिलंय!' मी आतून ओरडतोय, 'थांबा, बाजूने या, बाजूने!' तर ती म्हणते, 'चला बाई, आत कुणीतरी अडकलंय वाटतं!' पाटीबरोबर फोटो काढला आणि गेले. सेक्रेटरीबाईंना सांगितलं, तर म्हणतात, 'बाणाची पाटी लावू मग.' आणखी एक पाटी!

डोकंच फिरलं माझं. आज सकाळी पहार घेतली, आठही खिळे उपटले, शिडीवर चढलो, खिट्टीला तेल पाजलं, हातोडीने हाणली, एकेक अर्ज आठवून हाणली... सुटली! अर्ध्या तासात सुटली हो! दोन्ही फळ्या सताड. उजेड पार वेदीपर्यंत गेला. मी शिडीवर बसून रडलो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात खजिनदारकाका. म्हटलं, गेली नोकरी! काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन्ही हात पसरून दारात मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, 'वा! एवढंच होतं होय? मग तुझा भाऊ कधी बोलला कसा नाही?'

हातोडी माझ्या हातातच होती हो. बघितलं तिच्याकडे... ठेवली खाली.

म्हटलं, या काका. आत या.