दीड बोट डावीकडे

…आईशप्पथ, एक अक्षर खोटं नाही — म्हणजे आईशप्पथ राहू दे, तिच्या नावानं इतक्या खोट्या शपथा घेतल्यात की आता तिचाही विश्वास उडाला असेल — पण खरं सांगतोय. आणि तुम्ही आधी ते पेन खिशात ठेवा. ठेवा हो! मी बघितलं ना. तुमच्या आई तिकडं पाणी प्यायला गेल्या आणि तुम्ही टोपण काढून बसलात. त्यांच्या गळ्याखालची खूण पुसट झालीय, आतल्या माणसानं ओरडू नये, म्हणून आपण जरा गडद करून टाकू — असंच ना? असंच. मला कळतं. या बाकावर बसून मला जेवढं कळतं तेवढं आतल्या मशीनलाही कळत नाही. हसा, हसा. इथं कोणी हसत नाही, म्हणून तर मी बोलतो.

मी शिंपी आहे. साधासुधा नाही. एका मंत्र्याचा कोट मी तो दारातून आत येईपर्यंत नुसत्या नजरेनं मापून कापला होता — बरं, कोट नव्हता, जाकीट होतं. आणि मंत्री नव्हता, त्याचा ड्रायव्हर होता. पण बसलं की नाही अंगाला? चपखल! सांगायचा मुद्दा, माझ्या नजरेचा मला भारी माज. टेप गळ्यात असायची ती नुसती शोभेला. आमची ही म्हणायची, "अहो, एकदा तरी मापून बघा, टेप काय हार म्हणून घातलीय?" ही दुकानातच असायची. काजं-बटणं तिच्याकडं, आणि वरच्या फळीवरचे तागे काढायचे तेही तिच्याकडं, कारण ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नात लोक हसले होते. हसू देत. टाचा उंच करून ती तागा खाली ओढायची, तो असा उलगडत खाली यायचा की गिऱ्हाईक कापड बघायच्या ऐवजी तिलाच बघायचं.

तर तिला गाठ झाली. छातीत, डावीकडं. काढली. मग किरणांचे शेक घ्यायला इथं — याच दारातून, पंचवीस दिवस, रविवार सोडून. पहिल्या दिवशी तिच्या अंगावर तीन खुणा काढल्या. तीन फुल्या, जांभळ्या शाईच्या. आतल्या त्या मशीनवाल्यानं बजावलं, "बाई, घासायचं नाही, साबण लावायचा नाही, पुसलं तर आम्हाला सांगायचं." झालं. मी घरी येऊन त्या फुल्या बघितल्या आणि म्हटलं, हे तर आपलंच काम! खडूऐवजी शाई, कापडाऐवजी माणूस. दहाव्या दिवशी उकाडा होता, घामानं काखेजवळची फुली गेली. ही रडकुंडीला आली. "आता परत सगळं मापतील, परत तासभर त्या गार फळीवर हात वर करून झोपायचं…" मी म्हटलं, थांब. पेन घेतलं, एक डोळा मिटला, आणि काढली फुली. जिथं होती तिथंच. म्हणजे मला वाटलं तिथंच.

दीड बोट चुकली होती. डावीकडं.

कळलं कसं? दर आठवड्याला ते मशीनवरच एक फोटो काढतात, सगळं जागेवर आहे ना बघायला. त्यात आलं. मशीनवाला बाहेर आला, म्हणाला, "ही फुली आमची नाही. कोणी काढली?" आणि मग मी — ऐका हं — मी या बाकावरून उठलो, सगळ्यांच्या देखत छाती पुढं काढून म्हटलं, "मी काढली. पाच दिवस झाले. काय शिक्षा असेल ती द्या." अख्खा व्हरांडा गप्प. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "एवढा सरळ हात आमच्याकडं एकाचाही नाही, नोकरीला येता का?" …काय? नाही नाही, तसंच म्हणाल्या. साधारण तसंच.

बरं, ते सोडा. शेक संपले, वर्ष गेलं. मग हिचा हात वर जाईना. खांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा, जणू आतून कोणी टाका घातलाय. काखेजवळ हात लावला तर पुठ्ठ्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. म्हणाल्या, गाठ कधी एकटी नसते. तिच्या आजूबाजूला आधाराच्या पेशी असतात, धागे विणणाऱ्या, सगळं जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या. मी म्हटलं, "म्हणजे अस्तर!" त्या म्हणाल्या, "हो, अस्तर म्हणा." किरण पडले की गाठीच्या पेशी मरतात, पण हे अस्तर चिवट, ते बहुतेक मरत नाही. ते अकाली म्हातारं होतं. आणि म्हातारं झालं की गप्प बसत नाही, धागेच धागे विणत सुटतं. म्हणून ते कडक. इस्त्री जास्त फिरली की कॉलरचा कॅनव्हास होतो ना, तसं. आणि कधीकधी — दर वेळी नाही, कधीकधी — कडेला एखादी गाठीची पेशी वाचलेली असली, तर हेच अस्तर तिला हात देतं. खाऊपिऊ घालतं. कधी उलटही होतं, शरीराच्या रखवालदारांना हाक मारून तिला पकडून देतं. कुठल्या माणसात काय करेल, ते अजून पुरतं उमगलेलं नाही म्हणाल्या. मी तीस वर्षं अस्तर लावतोय, पण अस्तर फितूर झालेलं कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "हे सगळ्यांनाच होतं का?" म्हणाल्या, "पुष्कळांना होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आता बघा. त्या म्हणाल्या मनाला लावू नका. का म्हणाल्या? कारण त्यांना माहीत नव्हतं.

…हो. बरोबर पकडलंत. मगाशी मी म्हटलं खरं, छाती पुढं काढून वगैरे. पुष्कळ दिवस सांगतोय तसं, इथं नवीन माणूस आला की सांगतो, आता मलाच तो व्हरांडा गप्प झालेला ऐकू येतो. पण मी उठलो नव्हतो. मशीनवाल्यानं विचारलं तेव्हा मी या बाकावर टेपची गुंडाळी करत होतो. उलगडत होतो, परत गुंडाळत होतो. आतून हीच म्हणाली, "माझ्याकडूनच झालं, आज सकाळीच पुसली म्हणून मीच काढली." आज सकाळीच! म्हणजे फाईलमध्ये एक दिवस लिहिला गेला. पाचाचा एक. घरी जाताना रिक्षात मी म्हटलं, "अगं, असं का सांगितलंस?" तर म्हणाली, "तुमच्या नजरेला कोणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत."

गेल्या महिन्यात गाठ परत आली. कडेला. कुठल्या कडेला, ते विचारू नका.

आता ही आतच आहे, डॉक्टरीणबाईंसमोर. परत शेक द्यायचा की नाही ते ठरतंय. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी आजूबाजूला नेमका किती शेक गेलाय त्यावर सगळा हिशेब आहे. तिथं आधीच भरपूर गेला असेल तर परत देणं धोक्याचं. चुकीची खूण एकच दिवस होती ना?" हिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो, एकच." आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो. पाणी तिकडं आहे. मी इकडं बसलो. तुमचं पेन दिसलं, म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी नोकरी देऊ केली, ते खोटं. जाकीट खरं. मी उठलो, हे खोटं. बाकी सगळं खरं आहे हो.

त्या बघा, आई आल्या तुमच्या. त्यांना घेऊन आत जा आणि सांगा, खूण पुसली. ओरडले तर ओरडू देत, दोन मिनिटांचं ओरडणं. ते पेन इकडं द्या. द्या. आणि जाताना दार लावू नका.

राहू दे उघडंच. मी येतोय.